वाडी आधी, गाव नंतर

पनवेलच्या एसटी स्टँडजवळ फ्लेक्सच्या एका दुकानात मी बरीच वर्षं कॉम्प्युटरवर बसते. वाढदिवस, दहावीचं अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं माझ्या हाताखालून जातं. पण खरा सीझन निवडणुकीचा. तेव्हा माणसं फोटो आधी आणतात आणि नाव मागाहून शोधतात. "मॅडम, पॅनलला नाव पाहिजे. जरा वजनदार सुचवा." जशी काही मी नावं बरणीत भरून ठेवली आहेत आणि झाकण उघडून त्यांना दोन काढून द्यायची आहेत.

तशी नावं मोजकीच असतात. पुढे देव, मध्ये जनता नाहीतर ग्राम, शेवटी विकास. देव नको असेल तर स्वाभिमान. आजोबापासून सरपंचपद ज्याच्या घरात आहे, तोही खुशाल 'परिवर्तन' छापून नेतो आणि फोटोत हात जोडून हसतो. दोन सख्ख्या भावांचं बांधावरून फाटलं, तर दोघंही 'एकता' मागायला आले. एकाला दिली, दुसऱ्याला 'एकजूट' दिली, दोघंही खूश होऊन गेले.

एकदा रोडपालीचे एक गृहस्थ चक्क स्वतःचा पक्ष घेऊन आले. पक्षात ते, त्यांचे मेहुणे आणि एक वकील. आयोगाकडे पाठवलेलं प्रत्येक नाव परत येत होतं, कारण तसलं नाव आधीच कुणीतरी घेतलेलं. जन घेतलेला, लोक घेतलेले, समाज गेला, क्रांती गेली, न्यायसुद्धा कुणीतरी उचललेला. शेवटी त्यांनी सगळ्याच्या पुढे 'खरा' लावला, वडापावच्या गाडीवर 'ओरिजिनल' लिहितात तसा. मी विचारलं, "म्हणजे बाकीचे खोटे?" ते म्हणाले, "ते लोकांनी समजून घ्यायचं, मॅडम."

मला ही खोड आहे. गिऱ्हाईक नाव सांगतं आणि मी विचारते, याचा अर्थ काय? समोरचा गोंधळतो. दुकानाचा मालक एकदा माझ्यावर भडकलाच. म्हणाला, "तू अर्थ विचारू नको, साइज विचार." तेव्हापासून दुकानात मी साइज विचारते. पण घरी आल्यावर तोंडाला कुलूप लावायला मी काही बांधील नाही, आणि त्यातूनच पुढचं सगळं झालं.

माझं सासर पळस्प्याच्या पुढे, हायवे सोडून आत. गाव आगऱ्यांचं. गावाच्या वरच्या अंगाला गुरचरण, म्हणजे गावच्या गुरांना चरायला राखलेली सरकारी जमीन. गुरं केव्हाच संपली. त्या जमिनीच्या कडेला कातकऱ्यांची वाडी आहे. ती माणसं वीटभट्टीवर जातात, बांधकामावर जातात, लावणीला आमच्या शेतात येतात. ती वाडी कधीपासून आहे हे गावात कुणालाच ठाऊक नाही, पण ती आमची नाही एवढं मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक.

आमच्याकडे पुढाऱ्याला शेठ म्हणतात. आमच्या गावच्या शेठचं पॅनल म्हणजे गावदेवी ग्रामविकास पॅनल. देवीच्या पालखीचा पहिला मान त्यांच्या घराचा, म्हणून देवीचं नावही त्यांचं. हे कुणी ठरवलं ते विचारायचं नाही. समोर कुणी उभं राहिलं की तो उमेदवार नंतर, आधी देवीचा वैरी. त्यामुळे कितीतरी वेळा निवडणूक बिनविरोधच झाली आणि शेठनी त्याला गावाची एकी म्हटलं.

आता मतदानाच्या मशीनवर पॅनलचं नाव नसतं. उमेदवार असतो आणि चिन्ह असतं. मग देवी मशीनपर्यंत पोचणार कशी? त्यासाठी भंडारा. मतदानाच्या आदल्या दिवशी शेठची माणसं देवळातला हळदीचा भंडारा ताटात घेऊन घरोघर फिरतात. चिमूट उचलायची, कपाळाला लावायची आणि बोलायचं, "देवीच्या पॅनलचंच बटन दाबीन, दुसरं दाबनार नाय." एकदा भंडारा उचलला की आमच्या गावात माणूस मरेल पण फिरणार नाही. शेठना हे चांगलं माहीत होतं.

गेल्या निवडणुकीच्या वर्षी एक कंपनी कंटेनर यार्डसाठी जागा शोधत आली. न्हावा शेवा बंदराचे डबे आता पनवेलच्या चारी अंगांना रचून ठेवतात, त्यातलेच काही आमच्या उशाला येणार होते. जागा कुठली, तर गुरचरण. ग्रामसभेनं ठराव दिला की पुढचा मार्ग मोकळा. आणि वाडीचं काय, असं कुणीतरी विचारलं तेव्हा शेठ म्हणाले, "त्यांचं बघू." ज्याचं घर जायचं आहे त्याच्यासाठी एवढे दोनच शब्द.

वाडीवरची एक बाई आधीची पाच वर्षं पंचायतीत सदस्य होती. जागा आदिवासी बाईसाठी राखीव, म्हणून शेठनी तिला पॅनलात घेतलेलं. ती माझ्याहून थोडी मोठी, अंगानं काटकुळी, आणि तिचं बोलणं फार थोडं. पाच वर्षं ती दाराजवळच्या खुर्चीत बसली आणि सांगतील तिथे सही केली. यार्डाचा विषय निघाला तेव्हा तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं, तर तिला सांगितलं, पॅनलच्या बाहेर बोलायचं नसतं. त्यानंतर ती थेट आमच्या पडवीत आली. मी भात टाकत होते. उभ्याउभ्याच म्हणाली, "बाय, शेठसमोर उभ्या राहताव का? राहत असाल तर मी हाय."

मी लगेच हो म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे वाडीवर गेले. इतकी वर्षं त्या गावात राहून मी तिच्या घरात कधी गेले नव्हते. आत वाकून शिरले आणि वर बघितलं तर छपराला आतून फ्लेक्स. निवडणूक झाली की लोक फ्लेक्स काढून नेतात, हे मला माहीत होतं. ते कुठे जातात ते तेव्हा कळलं. शेठचा अर्धा चेहरा, उलटा विकास, आणि माझ्याच हातानं पिवळ्या अक्षरांत टाकलेली गावदेवी. ती म्हणाली, "बरा टिकतो. पन जोडावर गलतो." मला इतकी लाज वाटली आणि इतका राग आला की मी तिथेच बसून हो म्हणून टाकलं.

घरी सांगितलं तर नवरा हसला. तो ट्रेलर चालवतो, न्हावा शेव्याच्या रांगेत दिवसचे दिवस काढतो. गावातच यार्ड झालं तर त्याची जेवायला घरी यायची सोय होणार होती. मी म्हटलं, "तुझी भाकरी मी डब्यात देईन, पण वाडी उठू देणार नाही." तो म्हणाला, "डब्यातच देत्येस आतापन." पण नाही म्हणाला नाही. रुसला, मग दुसऱ्या दिवशी स्वतःच लोकांना बोलावून आला.

आमच्या पडवीत बैठक बसली. थोडी तरुण पोरं, चार बायका, माझा नवरा, आणि दाराशी वाडीवरची ती. उमेदवार ठरायला वेळ लागला नाही, ती आणि मी त्यात होतोच, घोडं अडलं नावावर. नवरा म्हणाला, "त्यांची देवी, तर आपन म्हसोबा घेऊ. देवासमोर देव." कुणी म्हणालं, हनुमान घ्या, सगळीकडे चालतो. मी म्हटलं, देवांना आपसात लढवू नका, त्यांना दुसरी कामं आहेत. मग मलाच विचारलं, तू दुकानात बसतेस, तूच सांग. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "स्वाभिमानी परिवर्तन." जे दुसऱ्यांना विकताना मी पोट धरून हसायचे, तेच वेळ आल्यावर माझ्या जिभेवर आलं. सगळ्यांना आवडलंही.

तेव्हा ती दारातून म्हणाली, "वाडीचा नाव टाका."

मग नवरा तिला समजावायला लागला. वाईट हेतूनं नाही, तो तसा माणूस नाही. म्हणाला, "अगं, भांडन वाडीसाठीच हाय. पन वाडीचा नाव टाकला तर गावात एक मत मिलनार नाय. आतून काम करू ना."

ती म्हणाली, "शेठपन आतूनच करीत व्हते. ग्राम, ग्राम, ग्राम. त्यात आमी हाव असं मी पाच वर्सं समजून ऱ्हायले. आता नाव घेऊन बोला. नाव घ्यायची लाज वाटते तर मत कशाला मागता आमचा?"

मला तिचं म्हणणं लागलं. मी उठले आणि म्हटलं, पॅनलचं नाव वाडी-गाव. बस्स. एक पोरगा म्हणाला, "मग निदान गाव-वाडी करा. गाव आधी पाहिजे." आणि मग जी जुंपली ती विचारू नका. बाहेरच्या माणसाला वाटेल, दोन शब्द इकडचे तिकडे, त्यात काय एवढं? पण आमच्याकडे नारळ पहिला कुणाचा, होळीला पहिली काडी कुणाची, पंगतीत पहिलं पान कुणाचं, यावरून पिढ्या बोलत नाहीत. मी त्याला विचारलं, "नळ आधी कुणाला आला? लाइट कुणाला? डांबर कुठपर्यंत आलं? सगळं आपल्याकडे आधी आलं. एक नाव तिकडे आधी गेलं तर तुझ्या पोटात का दुखतं?" तो उठून गेला. दोन दिवसांनी परत आला, पण तोंड वाकडं करूनच.

फ्लेक्स मीच बनवला. मालकानं स्क्रीनवर वाकून वाचलं आणि म्हणाला, "वाडी-गाव? याचा अर्थ काय?" मी म्हटलं, "मालक, साइज विचारा." त्यानं कपाळाला हात लावला, पण छापून दिला.

नाक्यावर लावला त्याच दिवशी कुणीतरी फाडला. आम्ही सुतळीनं शिवून परत लावला. त्यावर शेण मारलं. धुऊन परत लावला. देवळाजवळ बायका मला बघून कुजबुजायच्या. एक म्हणाली, "आता वाडीवरच ऱ्हायला जा." मी म्हटलं, "जागा ठेवतील तर जाईन ना." मला रडू येत नव्हतं असं नाही. नळावर माझी पाळी आली की बोलणं थांबायचं, ते मला फार बोचायचं. पण मी रडायचे ते न्हाणीत, नाक्यावर नाही.

सगळ्यात कठीण होतं घरात. माझी मोठी जाऊ आणि मी एकाच अंगणात राहतो, चुली वेगळ्या, भिंत एकच. मी सून म्हणून आले तेव्हा तिनंच मला तांदळाची भाकरी थापायला शिकवली. माझी दोन्ही बाळंतपणं तिनं केली. मतदानाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी भंडाऱ्याचं ताट आमच्या अंगणात आलं. मी हात मागे बांधून उभी राहिले. ताट धरणारा म्हणाला, "नको तर नको, देवी बघून घेईल." मग त्यानं ताट जाऊबाईंपुढे केलं. मला वाटलं, निदान माझ्या देखत ती नाही म्हणेल. तिनं पदर सावरला, चिमूट उचलली, कपाळाला लावली आणि सगळं वाक्य अगदी स्पष्ट बोलली. ते गेल्यावर मला म्हणाली, "रागावू नको. देवीला नाय कसं बोलू?" मी आत गेले आणि दार लावलं. त्या रात्री माझ्याकडून तिच्याकडे कालवणाची वाटी गेली नाही, ही आमच्यात पहिलीच वेळ.

मग कळलं की ताट वाडीवर गेलंय. आम्ही धावतच वर गेलो. आधीच्या निवडणुकीत वाडीनं भंडारा उचलला होता, आणि उचलला म्हणून पाळलाही होता. आता परत उचलला तर सगळं संपलं. आम्ही पोचलो तेव्हा वाडीतली माणसं अंगणात गोळा झाली होती आणि ताट आमच्या वाडीवरच्या उमेदवारापुढे धरलेलं होतं. ती ताटाकडे बघत होती. आमच्या यात्रेत देवीची पालखी गावातल्या प्रत्येक दारात थांबते, बायका ओवाळतात. वाडीच्या वाटेला पालखी लागते आणि वाटेवरच्या चिंचेपासून मागे फिरते. का फिरते, तर पहिल्यापासून फिरते.

ती म्हणाली, "पालखी आमच्यात येत नाय. मग ताट कसा आला?"

ताट धरणारा म्हणाला, "ते वेगलं, हे वेगलं." ती म्हणाली, "देवी एकच ना? तिला म्हनावं, आदी दारात ये. वलखू दे तुला. मग तुझ्या नावाचा उचलीन." तिचा आवाज चढला नव्हता. तिच्यामागे एक म्हातारा होता, त्यानं तोंड फिरवलं. मग एकेक जण आपापल्या घरात गेला. ताट भरलेलं तसंच खाली आलं. मला त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण तिला ते आवडलं नसतं.

निकाल लागला. आम्ही पडलो. मीही पडले, बरीच पडले. सरपंच शेठचाच पुतण्या झाला. आमच्या पॅनलमधून आली ती एकटी वाडीवरची. शेठच्या पॅनलनं गुलाल उधळत, डीजे लावत आमच्या अंगणावरून मिरवणूक नेली आणि त्यांची माणसं मुद्दाम तिथेच थांबून नाचली. जाऊबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मिरवणुकीकडेही पाहिलं नाही आणि माझ्याकडेही नाही.

पहिल्याच ग्रामसभेत यार्डाचा विषय आला. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता, एकीकडे पुरुष, एकीकडे बायका, मागे उन्हात वाडीची माणसं. त्या दिवशी भट्टीवर खाडा करून ती सगळी आली होती. पुतण्यानं विषय वाचला आणि ग्रामसेवकाला सांगितलं, "लिहा, सर्वानुमते मंजूर."

वाडीवरची ती उठली. म्हणाली, "सर्वानुमते कसा? मी हाय ना हितं."

शेठ पुढच्या खुर्चीवर होते. हसून म्हणाले, "बाई, निवडनूक झाली, पॅनल संपले. तुमचाही संपला, आमचाही. आता आपन सगले गावाचे."

"गावाचे ना?" ती म्हणाली. "मग वाडी गावात हाय का नाय, ते आदी सांगा. असली तर तुमी आमची घरा मोडून डबे कसे ठेवता? नसली तर आमची जागा देनारे तुमी कोन?"

मांडवात कुजबूज झाली. शेठना वाद वाढवायचा नव्हता. म्हणाले, मतमोजणी होऊनच जाऊ दे, ज्यांना ठराव पायजे त्यांनी हात वर करा. पुरुषांकडचे पुष्कळ हात वर गेले. बायका खाली बघत बसल्या. मग विरोध विचारला. मागे वाडीचे हात वर झाले. माझा झाला, आमच्या चार बायकांचे झाले. माझ्या नवऱ्यानं जरा इकडेतिकडे बघितलं आणि त्यानंही केला. तरी पुरत नव्हते, ते नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. मी वाडीवरच्या तिच्याकडे बघितलं. तिनं हात कानाला घट्ट लावून धरला होता.

तेवढ्यात बायकांच्या पहिल्या रांगेतून एक हात वर आला. बांगड्यांचा आवाज झाला म्हणून मी वळले. माझी जाऊ.

शेठ म्हणाले, "वहिनी, तुमी भंडारा उचललाय."

जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. आयुष्यात त्या कधी सभेत बोलल्या नव्हत्या. "उचललाय ना, शेठ. बटनाचा उचलला. बटन दाबला. देवीला ठावं हाय, माझ्या घरातली समोर उभी होती तरी तुमचाच दाबला. तुमी बटनाचा बोललाव, तेवढा मी पालला. हाताचा काय बोललाव नाय तुमी."

आधी कुणाला कळलंच नाही. मग बायकांमध्ये कुणीतरी खुदकन हसलं आणि तिचा हात वर आला. तिच्या शेजारणीचा आला. ज्यांनी नळावर माझ्याशी बोलणं टाकलं होतं, त्यांचे आले. त्या सगळ्यांनी भंडारा उचलला होता, इमानानं पाळला होता आणि तो आता फिटला होता. ग्रामसेवक हात मोजत रांगेच्या टोकाला गेला, परत आला, पुतण्याच्या कानात काहीतरी बोलला. पुतण्याचा चेहरा उतरला. ठराव पडला.

शेठ खुर्चीवरून उठले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाऊबाईंना म्हणाले, "देवी बघतेय हां, वहिनी."

जाऊबाईंनी अजून हात खाली घेतला नव्हता.

"बघू दे ना, शेठ. तिला दिसावा म्हनूनच एवढा वर केलाय."